दोर कोणाचा

गेल्या आठवड्यात सकाळचे वर्तमानपत्र वाचताना आतल्या पानावरची एक लहानशी बातमी मी कात्रीने कापून ठेवली. पश्चिम युरोपातील देशांनी आपल्या संरक्षणाचा विचार आपण मिळून करावा, अमेरिकेवर किती विसंबायचे ते एकदा ठरवावे, असे तिकडच्या कोणा मंत्र्याने म्हटले होते. कात्रणाच्या कडा सरळ केल्या, कोपऱ्यात तारीख घातली, आणि मग लक्षात आले की हे ज्यांच्या हाती द्यायचे ते मानोजीराव जगताप जाऊन बरीच वर्षे झाली. जे. पी. नगरातल्या माझ्या घरात या बातमीला दुसरा वाचक नाही. कात्रण तसेच टेबलावर पडून आहे.

मानोजीरावांना कारखान्यात सगळे अण्णा म्हणत. तीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरात येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांपैकी त्यांचे घराणे. त्यांची मराठी आमच्या पुण्याच्या कानाला प्रथम विचित्र वाटे. ‘सरी’ म्हणून ते होकार देत आणि ‘स्वल्प थांबा की’ म्हणून बसायला सांगत. आमचा विमानांचा सरकारी कारखाना शहराच्या पूर्वेला होता आणि अण्णा तिथल्या भाषांतर विभागात जर्मन आणि इटालियन कागद इंग्रजीत आणण्याचे काम करीत. मी चोवीस वर्षांचा, नवा अभियंता. त्या विभागातून निघणारा प्रत्येक कागद वाचून तो वरिष्ठांकडे पाठवायचा की नाही, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यासाठी मला दोन रबरी शिक्के दिले होते. एकावर ‘तांत्रिक’ अशा अर्थाचा शब्द होता, दुसऱ्यावर ‘कक्षेबाहेर’ अशा अर्थाचा. तांत्रिक कागद वर जात. कक्षेबाहेरचे कागद वाचनालयातल्या एका गठ्ठ्यात बांधले जात आणि काही वर्षांनी रद्दीत निघत. लिहिणाऱ्याला त्यातले काही कळवण्याची पद्धत नव्हती.

अण्णांकडे स्वित्झर्लंडहून एक जर्मन वर्तमानपत्र येई. ते बोटीने येई, म्हणून सहा आठवडे शिळे असे. एका वेळी सात-आठ अंक येत आणि अण्णा ते तारखेप्रमाणे लावून रोज एकच वाचीत. पुढचा अंक हाताशी असला तरी उघडीत नसत. त्यामुळे त्यांचे युरोप आमच्या युरोपाच्या नेहमी दीड महिना मागे चाले. मी रुजू झालो त्या वर्षी फ्रान्स, जर्मनी, इटली आणि शेजारचे तीन लहान देश मिळून एकच सैन्य उभारायचे, अशी योजना होती. अण्णांचा त्या सैन्यात जीव गुंतला होता. ऑगस्टच्या अखेरीस रेडिओवर बातमी आली, की फ्रान्सच्या संसदेनेच ती योजना मोडीत काढली. दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने त्यांना सांगायला गेलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवले.

“नका सांगू. माझ्याकडे अजून जुलै चालू आहे.”

विभागात हशा पिकला. तेही हसले. पण सप्टेंबरभर त्यांना कोणी ती बातमी सांगितली नाही. एवढी दया आमच्यात होती. ऑक्टोबरातल्या एका सकाळी ते आले, खुर्चीवर बसले, टोपी काढायची विसरले. दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, “काल ते सैन्य गेलं, दामले.” आम्हां सर्वांच्या लेखी ते सैन्य केव्हाच गेलेले होते. त्यांना त्याचे दुःख एकट्यानेच करावे लागले.

एवढ्या दूरच्या सैन्याशी यांचा संबंध काय, हे कोडे मला पुष्कळ दिवस होते. ते त्यांनी एकदाच उलगडले, तेही कारखान्याच्या बसची वाट पाहत असताना. महायुद्धात ते बिनतारी संदेशाच्या तुकडीत होते. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले आणि इटलीत, मग जर्मनीत, कैदी म्हणून चार वर्षे राहिले. भाषा तिथेच शिकले. ते परतले तेव्हा त्यांची पत्नी विषमज्वराने गेलेली होती. हे त्यांनी एका वाक्यात सांगितले आणि पुढे गेले. त्यांना ज्याबद्दल बोलायचे होते ती गोष्ट निराळी होती. अमेरिकन सैन्याने त्यांची छावणी सोडवली तेव्हा दुभाष्या म्हणून काही आठवडे त्यांना जवळच्या गावात ठेवून घेतले. रोज सकाळी अमेरिकन लॉरी पाव घेऊन येई आणि गावकरी रांग लावीत. रांगेत गावचे शाळामास्तरही असत. एक दिवस मास्तरांनी अण्णांना म्हटले, त्या शिपायाला विचारा, उद्याही येणार का? शिपाई हसून म्हणाला, हो, उद्याही. अण्णांनी ते जर्मनमध्ये सांगितले.

“मास्तरांचा चेहरा असा सैल झाला बघा,” अण्णा म्हणाले. “उद्याची काळजी दुसऱ्याकडे दिली की माणसाचा चेहरा तसा होतो. ती माणसं वाईट नव्हती, दामले. पाव चांगला होता. मीही खाल्ला. म्हणूनच भीती वाटते.”

बस आली. आम्ही चढलो आणि नेहमीप्रमाणे वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

गवीपुरात त्यांचे जुने, बसके घर होते आणि बाजूच्या अंगणात ग्रॅनाइटच्या कठड्याची विहीर होती. शेजारी लाकडाच्या वखारीचे मालक राहत. त्यांनी आपल्या विहिरीवर विजेचा पंप बसवला आणि मोठ्या मनाने गल्लीतल्या प्रत्येक घराला नळी जोडून दिली. सहा महिन्यांत बाकीच्या विहिरींत पाला आणि फुटके डबे साठू लागले. अण्णांनी मात्र नळी घेतली नाही. रोज सकाळी दोन घागरी स्वतः काढायच्या आणि दर रविवारी काथ्याचा दोर हातभर हातभर सरकवीत तपासायचा, कुठे पीळ सुटला आहे का पाहायचे, हा त्यांचा नेम होता. वखारवाल्यांना याचा राग येईल अशी मला भीती होती. राग कोणाला आला नाही, कारण अण्णा त्यांच्या घरच्या प्रत्येक कार्याला हजर असत. एकदा वखारवाले माझ्यासमोरच कुंपणावरून थट्टेने म्हणाले, “अण्णा, माझ्या पाण्याला काय विष आहे का?”

“तुमचं पाणी माझ्या पाण्यापेक्षा गोड आहे,” अण्णा म्हणाले. “पण इथं दोर माझा आहे.”

हे वाक्य मग आमच्या विभागात चलनात आले. कोणी काही फुशारकी मारली की दुसरा विचारी, दोर कोणाचा? अण्णा ते युरोपाला लावीत. विहीर युरोपाची, पाणी युरोपाचे, पोहराही त्यांचाच, पण दोर अमेरिकेचा, असे त्यांचे म्हणणे असे. शेजाऱ्यांचा तो पंप एखाद्या उन्हाळ्यात बंद पडला असता, तर ही गोष्ट किती छान जुळली असती. खरे सांगायचे तर तो पंप अण्णांच्या हयातीत एकदाही बंद पडला नाही. गल्लीला त्यांचे म्हणणे पटण्याची वेळच आली नाही.

पुढे आपल्याच देशाचे नवे लढाऊ विमान घडवण्यासाठी जर्मनीहून काही अभियंते आमच्याकडे आले आणि अण्णांना अचानक महत्त्व आले. बैठकीत ते मधल्या खुर्चीवर बसत. पहिल्याच दिवशी एका उंच, पिकल्या केसांच्या अभियंत्याने त्यांना विचारले, एवढी स्वच्छ जर्मन आपण कुठे शिकलात. अण्णांनी सांगितले, “आपल्याच कैदेत.” मग त्या गृहस्थाने खिशातून सिगारेटची डबी काढून पुढे केली आणि अण्णांनी, जे कधी सिगारेट ओढीत नसत, एक घेऊन कानावर ठेवली. ती दिवसभर तिथेच होती.

आता मला माझ्याबद्दल लिहावे लागेल. ते टाळून अण्णांचे चित्र पुरे होत नाही.

या नव्या विमानाला पुरेल असे जोरकस इंजिन आपल्याकडे नव्हते. ते परदेशात आखले जात होते आणि तिथून मिळेल असे सगळे धरून चालले होते. विमानाची सारी आखणी त्या इंजिनाच्या भरवशावर झाली होती. अण्णांनी तिकडची वर्तमानपत्रे वाचून अकरा पानांचे टिपण तयार केले. स्वतःच्या वेळात, स्वतः टंकून. ते त्यांनी एका शुक्रवारी माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “हे वर जाऊ द्या. स्वल्प लांब झालं आहे, पण वर जाऊ द्या.”

आमच्या विभागप्रमुखांना अण्णांच्या वर्तमानपत्राची सवय झाली होती. महिनाभरापूर्वी बैठकीत त्यांनी मला विचारले होते, “काय दामले, तुमचे अण्णा पुन्हा युरोप घेऊन आले का?” सगळे हसले. मीही हसलो. इतरांपेक्षा थोडे अधिकच हसलो असेन, कारण तो प्रश्न मला उद्देशून होता. अण्णा त्या वेळी दारातून आत येत होते. त्यांनी ते ऐकले की नाही, हे मला आजही माहीत नाही.

टिपणाचे पहिले पान मी वाचले. त्यात इंजिनाचे नाव नव्हते. सहा देशांचे ते मोडलेले सैन्य होते, अटलांटिक करार होता, आणि कोणत्या देशाचा खर्च कोण उचलतो याची चर्चा होती. सोमवारच्या बैठकीत प्रमुख हे पान उघडतील आणि माझ्याकडे पाहतील, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मी दुसरा शिक्का उचलला, ‘कक्षेबाहेर’ असा ठसा उमटवला आणि खाली आद्याक्षरे घातली. सारे मिळून अर्धे मिनिट लागले असेल. नियमाप्रमाणे पाहिले तर माझे चुकले नव्हते. टिपण तांत्रिक नव्हतेच.

अण्णांनी नंतर एकदाच विचारले, “गेलं का वर?” मी म्हणालो, “गेलं.”

वर्षभराच्या आतबाहेर बातम्या येऊ लागल्या. ते इंजिन युरोपातल्या मित्रदेशांच्या एका हलक्या विमानासाठी आखले जात होते. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा अमेरिकेच्या मदतीतून येणार होता. मित्रदेशांचा विचार बदलला, मदतीचा ओघ आटला, आणि इंजिनाचे काम थांबले. हवे असेल तर पुढचा खर्च तुम्ही करा, असे आम्हांला विचारले गेले. तेवढी तयारी आपल्याकडे कोणी केलेली नव्हती. शेवटी विमान दुबळ्या इंजिनावरच उडाले. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी आम्ही सगळे धावपट्टीच्या कडेला उभे होतो. टाळ्या वाजल्या, कोणी कोणी डोळे पुसले. इतके देखणे विमान मी त्यानंतर पाहिलेले नाही. अण्णा माझ्या मागे उभे होते. विमान वळून परत येईपर्यंत ते पाहत राहिले आणि हलकेच म्हणाले, “सुंदर उडतं की. श्वास मात्र कमी आहे.” त्यांच्या बोलण्यात कुठलाही टोमणा नव्हता. आजारी मुलाला शाळेच्या मैदानावर धावताना पाहावे, तसे ते बोलले होते.

त्यानंतर थोड्याच काळाने ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांनी दोनच मिनिटे भाषण केले. त्यात ते म्हणाले, माझे ऐकले गेले, पटले नाही ही गोष्ट वेगळी. वरच्यांनी माझे अकरा पानी टिपण वाचले, यात मला समाधान आहे. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत माझे हातही होते.

पाच-सहा वर्षे मी त्यांच्याकडे गेलो नाही. कामाचे कारण होते, घरी लहान मुले होती. कारणांची मला कधी उणीव भासली नाही. मग वाचनालय नव्या इमारतीत हलवायचे ठरले आणि कक्षेबाहेरचे जुने गठ्ठे रद्दीसाठी व्हरांड्यात आणून टाकले. तिसऱ्याच गठ्ठ्यात ते टिपण होते. कागद पिवळा पडला होता, शिक्क्याची शाई मात्र तशीच जांभळी होती. त्या रविवारी मी ते पिशवीत घालून गवीपुरात गेलो.

अण्णा वाळले होते. कानांनी कमी ऐकू येत होते, पण मला त्यांनी पावलांवरून ओळखले. “या की, दामले.” त्यांनी कॉफी केली, खारी बिस्किटे काढली. खोलीत भिंतीला लागून वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, प्रत्येकावर वर्ष लिहिलेले. बोलायला काही हवे म्हणून मी म्हणालो, तिकडे एक मोठी घडामोड झाली आहे, पण तुमच्याकडे अजून आली नसेल. ते म्हणाले, “सांगा. आता थांबत बसण्याएवढा वेळ नाही राहिला माझ्याकडे.”

तेव्हा मी सांगितले, की फ्रान्सने अमेरिकेला आपल्या भूमीवरून तळ हलवायला सांगितले आहे. ते आनंदतील असे मला वाटले होते. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. “जा म्हणणं सोपं आहे. उद्या सकाळी पाणी कोण काढणार, ते ठरवलंय का त्यांनी?” मी म्हणालो, ते माहीत नाही. “सहा जणांनी मिळून दोर वळायचा होता,” ते म्हणाले. “एकट्यानं तोडायचा नव्हता.”

मग मी पिशवीतून टिपण काढून त्यांच्या मांडीवर ठेवले. चष्मा पुसून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले. शिक्का पाहिला. खालची आद्याक्षरे पाहिली.

“ही अक्षरं तुमची.”

“हो.”

“म्हणजे वर गेलंच नाही.”

“नाही.”

अंगणातल्या नारळावर कावळा ओरडत होता. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

“मग कोणीच वाचलं नाही?”

“मी वाचलं,” मी म्हणालो. आणि लगेच, कारण आता खोटे बोलण्यासारखे काही उरले नव्हते, “पहिलं पान.”

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरे वाटले असते. त्यांनी पाने उलटून मोजली, अकरा आहेत याची खात्री केली आणि टिपण माझ्या हातात परत दिले.

“सरी. मग आता वाचा. मी पाणी काढतो.”

मी विहिरीच्या पायरीवर बसून वाचू लागलो. ते कठड्याशी उभे राहून, एका हातावर दुसरा हात घेत, संथपणे दोर ओढीत होते. मध्येच दम घेत होते. मी उठू लागलो की मानेने ‘वाचा’ म्हणत. तिसऱ्या पानावर इंजिन आले. पाचव्या पानावर लिहिले होते, की ज्या इंजिनाची गरज दुसऱ्याच्या मदतीवर टिकून आहे, त्यावर आपले विमान टांगू नये, आणि आत्ताच वेगळा करार किंवा वेगळे इंजिन शोधावे. सगळे तिथे होते, साध्या, चोख इंग्रजीत. कुठेही शब्द चढवलेला नव्हता. अकराव्या पानावर शेवटचा परिच्छेद असा होता: हे सर्व प्रत्यक्ष तिकडे जाऊन तपासण्यासाठी एका तरुण अधिकाऱ्यास पाठवावे. माझ्या मते श्री. दामले योग्य आहेत. त्यांना दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय आहे.

ती ओळ मी पुन्हा वाचली.

अण्णांनी ओल्या हातांनीच विचारले, सातव्या पानावरचा मुद्दा मला तरी पटला का, कारण तिथे त्यांना स्वतःला शंका होती. आम्ही त्या मुद्द्यावर तासभर बोललो. मी एक आक्षेप घेतला. तो त्यांनी मान्य केला आणि पेन्सिलीने समासात टिपून ठेवला. कोणी तरी आक्षेप घेतला याचाच त्यांना आनंद झालेला दिसत होता. मी निघण्यासाठी उठलो तेव्हा त्यांनी टिपण माझ्याकडून घेतले. “बाकी सगळं शिळं झालं, दामले,” ते म्हणाले. “शेवटचं पान चालेल अजून.” मग आत जाऊन भिंतीजवळच्या गठ्ठ्यांत त्या वर्षाचा गठ्ठा शोधून, त्याची गाठ सोडून, तारखेप्रमाणे योग्य त्या जागी त्यांनी ते सरकवले.

त्यानंतर महिन्याभरात माझी बदली झाली आणि ते गेल्याचे पत्र मला परगावीच मिळाले. त्यामुळे मला दिसलेले अण्णा त्या संध्याकाळचेच. फाटकाशी पोचल्यावर मी मागे वळून पाहिले. शेजारच्या पंपाची घरघर चालू होती, गल्लीतल्या घराघरांत नळांखाली भांडी भरत होती. अण्णांच्या दोन्ही घागरी काठोकाठ भरून पायरीवर ठेवलेल्या होत्या. तरीही ते विहिरीशी परत गेले, दोर मुठीत घेऊन एकदा ओढून पाहिला, आणि रिकामा पोहरा सावकाश खाली सोडू लागले.